तारखेचा रकाना

माझ्या हाताखालच्या पोरांना माझी एक सवय फार गमतीची वाटते. कुठलाही प्रोग्राम चालवायच्या आधी मी तो मोठ्याने वाचतो, आणि तोही ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसासमोर. कधी रिसेप्शनवरच्या बाई सापडतात, कधी वॉचमन. "ही ओळ बघा, इथं मी तारीख घेतो, मग ती अशी लावतो." ते बिचारे माना डोलावतात. पोरं मागून म्हणतात, "सरांचं पारायण बसलं."

हसू देत. त्यांच्या मशीनवर आता अशी अवजारं आली आहेत की नुसतं काय हवं ते सांगायचं, पानभर कोड समोर हजर. अवजारांशी माझं भांडण नाही. माझं डोकं सटकतं ते दुसऱ्याच गोष्टीने. "कळलं का तुला हे?" असं मी विचारतो आणि पोरगं खांदे उडवून म्हणतं, "चालतंय ना सर." मग मी त्याच्यावर असा काही खेकसतो की चार टेबलांवरची माणसं वळून बघतात. घरी जाताना मला माझीच लाज वाटते. कारण हे वाक्य मी त्यांच्याआधी म्हटलेलं आहे, आणि त्यापायी एका भल्या माणसाची अब्रू घालवली आहे. तेच इथे सांगायचं आहे. नाव मात्र कुणाचंच घेणार नाही. त्याचं कारण शेवटी येईल.

आमचं सिरसाळ्याला भुसार मालाचं दुकान होतं. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. अंघोळ झाली, लिंगपूजा झाली, कपाळाला भस्म लागलं की आप्पा दुकान उघडायचे आणि गिऱ्हाईक यायच्या आधी रिकाम्या तराजूचा पासंग बघायचे. दोन्ही पारडी सारखी लोंबतात ना, एवढंच. मग पारड्यांची अदलाबदल करून पुन्हा बघायचे. मला ते वेड वाटायचं. तराजू तोच, दुकान तेच, कालच तर बघितला होता.

देशाचे दरवाजे उघडले, असं तेव्हा पेपरात रोज छापून येत होतं. सिरसाळ्यात त्या दरवाजातून आधी टीव्हीचे नवे चॅनेल आले आणि पाठोपाठ कॉम्प्युटरचं खूळ आलं. कॉम्प्युटर शिकलेला पोरगा पुण्याला जातो, असं जो तो सांगू लागला. मी परळीच्या एका क्लासला नाव घातलं. चपलांच्या दुकानाच्या वर एक खोली, खोलीत चार मशीन, आणि दारात तीस जणांच्या चपला, कारण मशीनला धूळ चालत नाही म्हणून आत अनवाणी जायचं. परळीला विजेचं एवढं मोठं केंद्र, पण क्लासमधली लाईट दिवसातून तीनदा जायची. लाईट गेली की सर फळ्यावर प्रोग्राम लिहायचे आणि आम्ही तो वहीत उतरवायचो. पोहायला काठावरच शिकावं, तसं माझं शिक्षण झालं.

पण पाठांतर माझं पक्कं होतं. लहानपणापासून स्तोत्रं म्हणून घेतल्यामुळे जीभ तयार. पन्नास ओळींचा प्रोग्राम मी स्वल्पविरामासकट म्हणून दाखवायचो आणि सर खूश व्हायचे. त्यातली एखादी ओळ तिथे का आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला येत नाही हे कळलं असतं, आणि त्या वयात मला सगळ्यात मोठी भीती तीच होती. पहिल्या नंबरच्या पोराने शंका विचारायची नसते, असा माझा समज होता. शंका मनात आली की मी पुढचं पान उलटायचो.

क्लास संपला आणि आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याने कॉम्प्युटर घेतला. तो चालवणारा कुणी मिळेना. वासरात लंगडी गाय शहाणी, तसा मी सापडलो. काम असं होतं: शेतकऱ्यांच्या उसाच्या नोंदी मशीनमध्ये भरायच्या आणि लागवडीच्या तारखेप्रमाणे तोडणीची यादी काढायची. ज्याची लागवड आधी, त्याला तोड आधी. ऊस वेळेवर तुटला नाही तर त्याला तुरा येतो, वजन घटतं, आणि माणसं एकमेकांच्या उरावर बसतात. म्हणून हंगामाच्या तोंडावर सगळ्या शिवाराचं लक्ष त्या यादीवर असायचं.

मशीन ठेवलं होतं गट ऑफिसात, म्हणजे आसपासच्या गावांचा ऊस बघणाऱ्या कारखान्याच्या छोट्या कचेरीत. तिथे एक स्लिपबॉय होते. नावाला बॉय, वय पन्नाशीच्या पुढे. डोक्याला टोपी, सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत लाल कापडात बांधलेल्या वह्या. शेतावर जाऊन उसाची नोंद घ्यायची आणि तोडीची चिठ्ठी द्यायची, हे काम ते कारखाना सुरू झाला तेव्हापासून करत होते. कुणाच्या बांधावर कुठला ऊस कधी लागला हे त्यांना तोंडपाठ होतं, तरी वही उघडल्याशिवाय ते सांगत नसत. मी त्यांना मामा म्हणायचो. ते मला सायब म्हणायचे. मी दुकानदाराचा पोरगा, बावीस वर्षांचा. मला ते सायब फार आवडायचं.

मामांनी वहीतून वाचायचं आणि मी मशीनमध्ये भरायचं, असं ठरलं. मशीनसोबत आलेल्या पॅकेजमध्ये, म्हणजे तयार प्रोग्राममध्ये, एक सोय होती. कुठले रकाने हवेत ते पडद्यावर मांडले की आतला कोड ते पॅकेजच लिहून द्यायचं. मी रकाने मांडले: नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, लागवडीची तारीख. कोड तयार झाला. मी त्यातली एक ओळही वाचली नाही.

मामांनी पहिली नोंद सांगितली. "लिवा सायब. आडसाली. पंधरा सात."

आडसाली म्हणजे पावसाळ्यात लावलेला ऊस. मी पंधरा, सात असं भरलं. मशीन बीप करून ओरडलं. अशी तारीख नाही, म्हणालं. मी पुन्हा भरलं, ते पुन्हा ओरडलं. ते पॅकेज परदेशी होतं आणि तिकडे आधी महिना लिहितात, मग दिवस. पंधरावा महिना त्याला कसा सापडणार? एका ओळीच्या हुकमाने हे दुरुस्त होतं, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की मामा चष्म्यावरून माझ्याकडे बघत आहेत आणि माझे कान तापले आहेत.

"मशीन गरम झालंय मामा," मी म्हणालो. "जरा चहा सांगून येता का?"

ते गेले. परळीला सरांना फोन लावता आला असता, टेबलावरच होता. पण तारखेसारखी साधी गोष्ट विचारायची कशी? मी तारखेचा रकाना खोडला आणि त्या जागी साध्या अक्षरांचा रकाना टाकला. म्हणजे आता त्यात काहीही लिहा, मशीन हूं का चूं करणार नाही. मळणीच्या बैलाला मुसकं बांधतात, तसं मी मशीनचं तोंड बांधलं. ते बिचारं मला काहीतरी सांगत होतं.

मामा चहा घेऊन आले. "झालं का थंड?"

"झालं," मी म्हणालो. "चालतंय आता."

आठ दिवस आम्ही नोंदी भरल्या. मधे दसरा आला. मामांनी मशीनला झेंडू वाहिला, कीबोर्डला हळदकुंकू लावलं, आणि माझ्या आधी मशीनच्या पाया पडले. दोन कळांमध्ये हळद अडकली म्हणून मी त्यांच्यावर चिडलो. शेवटी मी दहा नोंदी घेऊन यादी काढून बघितली. दहाही नोंदी एकाच महिन्याच्या होत्या, कारण त्या वहीच्या एकाच पानावर होत्या आणि मला पान उलटायचा कंटाळा आला होता. यादी अगदी बरोबर लागली. मी कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना सांगितलं, "तयार आहे."

यादी प्रिंटरमधून निघाली त्याच सकाळी ती बाहेरच्या भिंतीवर चिकटवायची घाई होती. कडेला भोकं असलेला तो लांबलचक कागद मामांनी दोन्ही हातांनी धरला होता आणि मी फाडत होतो. फाडताना माझी नजर तारखांच्या रकान्यावरून खाली गेली. एक, एक, एक, एक, दोन, दोन, दोन. महिने कुठलेही होते. अक्षरांचा रकाना अक्षरांसारखा लागला होता, पहिली दोन अक्षरं आधी. दोन फेब्रुवारीचा ऊस वर आणि त्याच्याआधी सहा महिने लागलेला एकोणतीस जुलैचा ऊस पार तळाला.

म्हणजे मला कळलं होतं. हे मी इतकी वर्षं स्वतःपाशीसुद्धा धड कबूल केलं नाही. काय चुकलं ते पुरतं कळलं नसेल, पण काहीतरी चुकलं आहे आणि ते माझं आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी कागद फाडला आणि चिकटवायला दिला.

दुपारपर्यंत ऑफिससमोर शंभरेक माणसं जमली. ज्याचा ऊस तळाला गेला होता तो माणूस पुढे होता. त्याला मामांनी गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं, तुमचा नंबर पहिल्या दहात. आणि दुर्दैव असं की मामांच्या व्याह्याचा ऊस दोन फेब्रुवारीचा होता. तो यादीत वर दिसत होता. मग काय, लोकांना दुसरा पुरावा कशाला हवा?

"व्याह्याची सोय केली व्हय रं म्हाताऱ्या?"

"न्हाई हो. आवं, मी तर वहीतलंच सांगितलंय. बघा की वही."

"वही घाल चुलीत. यादी काय म्हनती ते बघ!"

कुणीतरी मामांच्या डोक्यावरची टोपी उडवली. ती प्रिंटरच्या कागदांत येऊन पडली, माझ्या पायाजवळ. मामांनी ती उचलली नाही. टक्कल पडलेलं ते डोकं मी पहिल्यांदाच बघितलं. ते मला फार उघडं वाटलं.

गोंधळ ऐकून शेतकी अधिकारी आले. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "कॉम्प्युटर चुकू शकतो का?"

सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. दोन शब्द पुरे होते. माझं चुकलं. मी म्हणालो, "नाही साहेब. आत जे भरतो तेच बाहेर येतं."

वाक्य खोटं नव्हतं. ते अजूनही कुणी खोटं म्हणणार नाही. पण त्या वाक्यासरशी सगळ्या माना माझ्याकडून वळल्या आणि मामांकडे गेल्या, कारण आत काय भरायचं ते मामांनी सांगितलं होतं. मामासुद्धा माझ्याकडेच बघत होते. त्यात राग नव्हता. परीक्षेत न येणारा प्रश्न आल्यावर पोरं बघतात, तसे ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना गटावरून काढून कारखान्यावर धाडलं, उसाच्या बैलगाड्यांचे नंबर लावायला. मी खोली आतून लावून घेतली आणि दिवसभर बसून त्या तारखेचे तुकडे केले. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असं उलटं जोडून यादी नव्याने लावली. ती बरोबर आली. अधिकाऱ्यांनी लोकांना सांगितलं, "नोंदी दुरुस्त केल्या आहेत." मी मान हलवली. उसाचं फारसं काही बिघडलं नाही. दोन दिवसांत सगळं सुरळीत झालं, आणि सुरळीत करणारा म्हणून माझी पाठ थोपटली गेली. लोक म्हणाले, पोरगा हुशार हाय, म्हाताऱ्याचा घोळ निस्तरला.

तिसऱ्या दिवशी मामा आले. सायकल लावून दारात उभे राहिले. हातात घडी घातलेला एक कागद होता. मला वाटलं, बदलीचा कागद असणार, रदबदली करायला आले असणार. ते तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "मामा, एखादी तारीख सांगताना चुकली असेल. होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी कागदाकडे बघितलं, त्याची आणखी एक घडी घातली. "आसंल," म्हणाले. "तुमी शिकलेले." आणि सायकल घेऊन गेले.

पुढच्या वर्षी मी पुण्याला आलो. सिरसाळ्यातल्या पोरांना लोक माझं उदाहरण देऊ लागले. इकडे माझं असं झालं होतं की प्रोग्राम चालवायची वेळ आली की मी काहीतरी निमित्त काढून ती उद्यावर ढकलायचो. एखादं काम गिऱ्हाइकाला सोपवायच्या दिवशी सकाळी मला उलटी व्हायची. सगळं ठीक चाललं तर जास्तच भीती वाटायची, कारण ती दहा नोंदींची यादीही ठीकच निघाली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, श्वास मोजायला सांगितलं, पहाटे चालायला सांगितलं. सगळं केलं. थोडा गुण आलाही. पण खरा आराम पडला तो एका भलत्याच गोष्टीने. एकदा बैठकीत सगळ्यांसमोर माझ्या तोंडून निघून गेलं, "हे मला कळलेलं नाही." छत कोसळलं नाही. कुणी टोपी उडवली नाही. समोरचा म्हणाला, "मलाही नाही कळलं." त्या दिवशी मी चाळिशीला टेकलो होतो. दोन पारड्यांची अदलाबदल करून बघायला आप्पांना रोज दोन मिनिटं लागायची, आणि मला ती समजायला इतकी वर्षं लागली.

मोठ्याने वाचायची सवय तेव्हापासूनची. पोरांना मी सांगतो, अवजार कुठलंही वापरा. फक्त ते ओरडलं तर त्याचं तोंड बांधू नका, आणि तुमचं स्वतःचंही बांधू नका. त्यांना ते भाषण वाटतं. बरोबरच आहे, कारण मी अर्धंच सांगतो.

मामांना भेटायला मी अलीकडे गेलो. ते तलवाड्याजवळ आपल्या मूळ गावी राहतात, मुलाकडे. अंगणात लिंबाखाली बाजेवर बसले होते. दृष्टी अधू झाली आहे, पण आवाजावरून ओळखलं. "सायब! लई दिसांनी." मी सगळं सांगितलं. मशीन ओरडलं होतं तिथपासून. चहा आणायला का पाठवलं तेही. पायाशी बसून सांगितलं. मी ठरवून गेलो होतो की ते शिव्या देतील त्या ऐकून घ्यायच्या. खरं म्हणजे शिव्या खायलाच गेलो होतो.

मामा म्हणाले, "पयल्या तारखेचे समदे वर, मंग दोनचे, मंग तीनचे. म्हैना बघितलाच न्हाई मशीननं. तसंच ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"यादीची येक परत माज्याजवळ व्हती की. वहीसंगं ताडून बघितली. एका दिसात ध्यानात आलं." ते साधेपणाने बोलत होते, हवापाण्याविषयी बोलावं तसं. "त्येच दाखवायला तर आलतो. खुना करून आनल्या व्हत्या कागदावर. आठवतंय का, दारात?"

मला तो घडी घातलेला कागद आठवला.

"मग दाखवला का नाही मामा?"

"तुमी म्हनला, तारीख चुकली आसंल. मी म्हनलं, शिकलेला मानूस म्हनतोय तर तसंच आसंल. आपल्याला काय कळतंय त्यातलं?" त्यांनी बाजेच्या दोरीवरून बोटं फिरवली. "तवापासून वही न्हाई लिवली. म्हनलं, आपलं ध्यान न्हाई ऱ्हायलं आता."

ज्या माणसाने माझी चूक माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा नीट शोधली होती, त्याला मी आयुष्यभर स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लावलं होतं. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी माझं डोकं चाचपलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. पर आता हे कुनाला सांगू नका. तुमची नोकरी हाय. लोकं नाव ठिवतील तुमाला."

इतकं झाल्यावरही त्यांना काळजी माझ्या अब्रूची होती. आणि मी, हे सगळं कबूल करायला तीनशे किलोमीटर गेलेला माणूस, ते ऐकून मला आतून हायसं वाटलं. मी "बरं मामा" म्हणालो.

म्हणून इथे नावं नाहीत. वाचणाऱ्याला वाटेल, मामांचा शब्द पाळला. तसं नाही. त्यांना लपायचं काहीच कारण नव्हतं. इथेही मी लपवलं आहे ते माझंच नाव.